आजोबांची मेडलं, हेल्मेट, वर्दी : नागपूरच्या हवेत जुनं फौजी सामान कसं जपायचं

आपल्या नागपूर-कामठी पट्ट्यात घरटी नाही म्हटलं तरी गल्लीत एकतरी फौजी घर सापडतंच. कामठीची छावणीच १८२१ ची, मग १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, विदर्भातली कितीतरी पोरं भरती झाली, दुसऱ्या महायुद्धात कोणाचे आजोबा बर्मात होते कोणाचे इटलीत, पुढे ६५ आणि ७१ आलंच. त्यामुळे माळ्यावरची काळी ट्रंक उघडली की त्यात मेडलं, टोपीचा बिल्ला, पितळी बक्कल, पाण्याची बाटली, कधी हेल्मेट, कधी डिस्चार्जचे कागद असं काहीतरी निघतं. आणि मग घरात लगेच कोणीतरी म्हणतं, आण ती पितांबरी, चकचकीत करून टाकू. भाऊ, तिथेच थांबायचं. जुन्या फौजी सामानाचं सगळ्यात जास्त नुकसान युद्धात झालेलं नसतं, ते अशा प्रेमाने केलेल्या सफाईत होतं हे मी मनापासून सांगतो, आणि म्हणूनच हे सगळं सविस्तर लिहून राहिलो.

पहिलं काम म्हणजे काहीच न पुसता फोटो काढा. दिवसाच्या उजेडात, पुढून मागून कडेने, बाजूला पट्टी ठेवून. वस्तू कुठे सापडली, कशात गुंडाळलेली होती, सोबत काय होतं, घरातली म्हातारी माणसं तिच्याबद्दल काय सांगतात ते वहीत लिहा, आणि आजी किंवा मोठे काका असतील तर मोबाईलवर बोलणं रेकॉर्डच करून घ्या कारण ही माहिती परत मिळत नाही. एका माणसाची मेडलं असतील तर ती कधीच वेगळी करू नका, भावाभावांत एकेक वाटून घेतली की त्या माणसाची सगळी सर्व्हिस तुटून जाते. त्यापेक्षा एकाच घरी ठेवा आणि बाकीच्यांना चांगले फोटो द्या.

हात लावायच्या आधी धोक्याचं बघून घ्या. काडतूस, गोळा, ग्रेनेड असं काही निघालं आणि ते जिवंत आहे का रिकामं हे नक्की माहीत नसेल तर ते जिवंत आहे असंच समजायचं. हलवायचं नाही, घासायचं नाही, गाडीत घालून पोलीस ठाण्यात तर अजिबात न्यायचं नाही, पोरांना बाहेर काढा आणि ११२ ला फोन करा. जुना दारूगोळा किती बेभरवशाचा असतो ते आपल्या बाजूला सगळ्यांना माहीत आहे, पुलगावजवळ नोव्हेंबर २०१८ मध्ये जुना दारूगोळा नष्ट करतानाच स्फोट होऊन सहा जण गेले. ते काम रोज करणाऱ्या ठिकाणी असं होऊ शकतं तर आपण घरी पान्हा घेऊन बसायचं कारणच नाही.

दुसरं, जुनं होकायंत्र किंवा घड्याळ, ज्याचे आकडे अंधारात चमकायचे. त्यात रेडियमचा रंग असायचा. आता चमकत नाही म्हणजे संपलं असं वाटतं पण तसं नाहीये, चमकणारं झिंक सल्फाइड खराब होतं, रेडियम तिथेच असतं, त्याचं अर्धं व्हायलाच १६०० वर्षं लागतात. काच उघडू नका, काटे खरवडू नका, तो बारीक भुगा श्वासात जाणं हाच खरा धोका आहे. काच फुटलेली असेल तर झिपच्या पिशवीत बंद करून झोपायच्या खोलीपासून लांब ठेवा. तसंच गॅस मास्क, दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश मास्कच्या फिल्टरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, त्यामुळे पोट्ट्यांना घालून फोटो काढू देऊ नका.

कायद्याचंही दोन शब्दात सांगतो. शस्त्र कायदा १९५९ चा, त्यात दारूगोळ्याचे सुटे भागसुद्धा येतात, आणि ९ इंचांपेक्षा लांब पात्याच्या हत्यारांना बऱ्याच ठिकाणी लायसन लागतं. जुन्या .३०३ रायफलीची लांब संगीन तर १७ इंची पात्याची असते. तेव्हा संगीन, तलवार असं काही निघालं तर पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत आधी विचारा आणि मगच पुढे जा. १०० वर्षं पार केलेली ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरातन वस्तूंच्या कायद्यात येऊ शकते, म्हणजे पहिल्या महायुद्धातलं सामान आता त्या हद्दीत आलं, ते परदेशात कोणाला विकून कुरिअर करणं गुन्हा आहे. आणि आजोबांची वर्दी घालून मी फौजी आहे असं भासवत बाहेर फिरणं हाही गुन्हाच, घरात जपायची ती जपा.

आता धातू. सामान घ्यायचं ते असं, मेडिकलमधून नायट्राइलचे हातमोजे, पेट्रोल पंपावर किंवा बॅटरीवाल्याकडे मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर, लहान पोरांचा मऊ टूथब्रश, जुन्या धुतलेल्या मलमलचे तुकडे, टूथपिक आणि मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्स, म्हणजे धातूवर पातळ हात देऊन त्याला जपणारं मेण. हे वॅक्स ब्रिटिश म्युझियममध्ये १९५० च्या दशकात तयार झालं, रेनेसाँ वॅक्स नावाने ऑनलाइन मिळतं, छोटी डबी महाग वाटते पण घरातलं सगळं सामान होऊन वर्षानुवर्षं पुरते. हातमोजे यासाठी की आपल्या बोटांचा घाम खारट असतो आणि चांदीवर, पितळेवर, पोलादावर महिन्याभराने तुमच्या अंगठ्याचा ठसा गंजासकट उठून दिसतो.

मेडलवर जो काळपट तपकिरी थर असतो तो मळ नसतो. तो धातूने स्वतःवर बसवलेला थर आहे आणि तोच आतल्या धातूला सांभाळतो. १९३९-४५ चा स्टार, बर्मा स्टार, आफ्रिका स्टार हे तांबं-जस्ताचे आहेत, पहिल्या महायुद्धातलं ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं, त्यामुळे रंग वेगवेगळे येणारच. चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट यातलं काहीच लावायचं नाही. आंबटाने पितळेतलं जस्त निघून जातं आणि वर गुलाबी डाग पडतात, ते कशानेच जात नाहीत, आणि पावडरीने राजाचा चेहरा आणि कडेवरची अक्षरं झिजतात. कडेवरची अक्षरं म्हणजे तर सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. पहिल्या महायुद्धातल्या चांदीच्या मेडलच्या कडेवर आणि १९१४-१५ च्या स्टारच्या पाठीवर सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण कोरलेलं असतं, आपल्या ७१ च्या संग्राम मेडलसारख्या मेडलांच्या कडेवरही नाव असतं. ती ओळ भिंगाने वाचा, वहीत जशीच्या तशी उतरवा, स्पेलिंग चुकलेलं असेल तरी तसंच. त्या नंबरावरूनच पुढे माहिती निघते, जो माणूस महायुद्धात मारला गेला त्याचं नाव कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर शोधता येतं, आणि नंतरच्या सैनिकांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारता येतं.

मग मेडलचं करायचं काय? धूळ मऊ ब्रशने झटका. फारच चिकट असेल तर रिबन काढून (निघत असेल तरच, शिवलेली असेल तर उसवू नका) डिस्टिल्ड वॉटरमध्ये बेबी शाम्पूचा एक थेंब, मलमल ओली करून हलक्या हाताने पुसायचं, मग साध्या डिस्टिल्ड वॉटरने, मग लगेच कोरडं. रिबन कितीही विटलेली असली तरी टाकायची नाही. नवी लावायची हौस असेल तर नवी दुसऱ्या फ्रेममध्ये लावा पण जुनी त्याच मेडलसोबत पाकिटात राहू द्या. रिबनमागची पिन गंजली असेल तर तो गंज कापड खातो, पिन हळूच काढून वेगळी ठेवा.

टोपीचे बिल्ले, बक्कल, खांद्यावरची पितळी अक्षरं यांच्याबाबतीत लोक हमखास म्हणतात की अहो फौजेत तर रोज ब्रासो लावायचे. बरोबर आहे, लावायचे, आणि बिल्ल्यावरची नक्षी झिजून गुळगुळीत झालेली दिसते ती त्या माणसाच्या हातची झीज आहे, परेडच्या आदल्या रात्री बसून केलेली. ती राखायची तर आता आपण त्यात भर घालायची नाही. ब्रासोत घासणारी बारीक पावडर असते, कोपऱ्यात पांढरी साचते, आणि अमोनिया पण असतो. अमोनिया आणि पितळेचं वैर आपल्याच देशात कळलं. इंग्रजी अमदानीत फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यात ठेवायचे आणि त्यांना बसल्या जागी भेगा पडायच्या, कोणाला कारण समजेना. शेवटी १९२१ मध्ये उलगडा झाला की घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि काडतूस ओढून बनवताना पितळेत राहून गेलेला ताण, दोन्ही मिळून भेग पाडतात. तेव्हा पितळी वस्तू, विशेषतः रिकाम्या तोफगोळ्याच्या केसपासून बनवलेली फुलदाणी वगैरे, अमोनियावाला क्लिनर ठेवता त्या कपाटात ठेवू नका. कोपऱ्यातली जुनी पांढरी पावडर टूथपिकने कोरडीच काढा, मग वॅक्सचा पातळ हात, दहा मिनिटांनी मलमलने पुसून टाका, झालं.

एक मात्र ओळखायला शिका. गुळगुळीत हिरवा थर असेल तर काळजी नाही. पण फिक्कट हिरवी, भुकटीसारखी निघणारी, आज पुसली तर पावसाळ्यात परत येणारी टिंबं असतील तर धातूच्या आत क्षार बसलेत. ती वस्तू बाकीच्यांपासून वेगळी करून घट्ट डब्यात ओल शोषणाऱ्या भरपूर सिलिका जेलसोबत ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

हेल्मेट आलं की गंज आला. लोहचुंबक लावून बघायची गंमत करा, पहिल्या महायुद्धातली बशीसारखी ब्रॉडी हेल्मेटं मँगनीजच्या पोलादाची असायची आणि त्यांना चुंबक जवळपास चिकटतच नाही. गंज दोन प्रकारचा, गडद तपकिरी घट्ट बसलेला गंज शांत असतो त्याला छेडू नका, नारिंगी भुकटी सुटणारा गंज जिवंत असतो त्याला थांबवायचं. मूळ रंग शिल्लक असेल, अगदी चार ठिकाणी पोपडे राहिले असतील तरी, तो रंग सगळ्यात महत्त्वाचा. पुन्हा रंग मारू नका हे हात जोडून सांगतो. त्या रंगाखाली कधी डिव्हिजनची खूण असते कधी कोणाचं नाव. रंग असलेल्या भागावर फक्त ब्रश आणि वॅक्स. उघड्या लोखंडावर नारिंगी गंज असेल तर चार शून्याची (०००० लिहिलेली, सगळ्यात बारीक) स्टील वूल, मशीन ऑइलचे दोन थेंब, आणि बोटाच्या टोकाने अगदी हलकं, आतून कडेला जिथे दिसत नाही तिथे आधी करून बघा. आतल्या लाइनरचा स्क्रू गंजून बसलाय तर तो तसाच राहू दे, जोर केला की डोकं तुटतं आणि सोबत लाइनर फाटतो. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला आणि जाम सोडवायला आहे, ते उडून जातं, कायमचं रक्षण त्याने होत नाही आणि चामड्यावर रबरावर तर मारायचंच नाही.

रंग मुळीच नसलेली, नुसती गंजाची लादी झालेली लोखंडी वस्तू असेल, खुंटी, कुऱ्हाडीचं पातं, खंदकं खणायची कुदळ, तर धुण्याच्या सोड्यात करंट सोडून गंज काढता येतो. प्लास्टिकच्या बादलीत चार लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर, वजा टोक वस्तूला आणि अधिक टोक साध्या लोखंडी सळईला, दोघांचा एकमेकांना स्पर्श नको. सळई स्टेनलेसची अजिबात नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन वायू सुटतो म्हणून हे गच्चीवर मोकळ्या हवेत, आणि जवळ बिडी-काडी नाही, चार्जर बंद केल्याशिवाय हात घालायचा नाही. पितळ, ॲल्युमिनियम, मुलामा दिलेली वस्तू, पातळ स्प्रिंगा यांना हे चालत नाही. काढल्यावर धुवा आणि इथे आपलं ऊन कामी येतं, मे महिन्यात गच्चीवर ठेवलेलं लोखंड भराभर सुकतं आणि चांगलं तापतं, त्या तापल्या लोखंडावर वॅक्स लावलं की बारीक छिद्रात छान मुरतं. हातमोजे जाड घाला, चटका बसतो.

लाकडी दांड्याला जवसाचं तेल चालतं, आपल्याकडे घाणीवर मिळतंच, पण थेंबभर घेऊन चोळायचं आणि उरलेलं पुसून टाकायचं. त्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा केलेलं फडकं आपोआप पेटू शकतं, आपल्या उन्हाळ्यात तर जास्तच. पाण्यात भिजवून मग पसरून वाळवा.

कापडाला येऊ. वर्दी, लोकरी कोट, वेबिंगचे म्हणजे जाड विणलेल्या सुती कापडाचे पट्टे. धुवायचं नाही, ड्रायक्लीनला द्यायचं नाही, इस्त्री नाही. वेबिंगवर जो हिरवट खाकी पावडरी थर असतो तो ब्लँकोचा, सैनिक स्वतः ब्रशने लावायचे, धुतला की तो आणि त्यासोबत शाईत लिहिलेला नंबर दोन्ही गेले. धूळ काढायला व्हॅक्युम क्लीनरच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा रबरबँडने बांधा, सगळ्यात कमी जोरावर ठेवा, कापडाला न टेकवता फिरवा. लोकरीला कसर लागली असेल, बारीक भोकं आणि जाळ्यासारखं काही दिसत असेल, तर कापड प्लास्टिकच्या पिशवीत घालून हवा काढून चिकटपट्टीने बंद करा आणि डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा, उणे १८ किंवा त्याखाली. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, एक अख्खा दिवस तशीच राहू द्या, नाहीतर गार कापडावर पाणी सुटतं. बटणं, बिल्ले निघत असतील तर आधी काढून ठेवा. डांबराच्या गोळ्या मला अजिबात पटत नाहीत, त्यांचा वास फुफ्फुसाला वाईट आणि जुन्या प्लास्टिकच्या बटणांनाही बाधतो. सुकलेला कडुनिंब मलमलच्या पुरचुंडीत, कापडाला न टेकता, एवढं ठीक आहे पण त्याच्या भरवशावर राहू नका, खरा उपाय म्हणजे दर दोन महिन्यांनी उघडून बघणं. घडी घालताना घडीत मलमलची सुरळी ठेवा म्हणजे कापड त्या रेषेवर तुटत नाही.

चामडं. आपल्याकडे बूट, पट्टा, म्यान कडक झालं की आई-आजी खोबरेल तेल चोळतात. तेलाने चार दिवस मऊ वाटतं, मग धूळ चिकटते, पावसाळ्यात बुरशी धरते आणि चामडं काळं पडतं. हात लावला की लाल भुकटी निघत असेल तर चामडं आतून सडलंय, त्याला तेल, पाणी, पॉलिश काहीच नको, मलमलमध्ये गुंडाळून सपाट ठेवा. पितळी बक्कल जिथे चामड्याला टेकतं तिथे हिरवं मेणासारखं साचतं, ते टूथपिकने खरवडून काढा आणि बक्कल व चामडं यांच्यामध्ये पातळ पॉलिएस्टर फिल्मचा तुकडा सरकवून ठेवा. बुरशी आली असेल तर मास्क लावून, घराबाहेर सावलीत, मऊ ब्रशने. आणि पातं कधीही चामडी म्यानात ठेवून साठवू नका, म्यान ओल धरतं आणि पातं आतल्या आत खातं, दोन्ही शेजारी शेजारी ठेवा.

कागद आणि फोटो यांच्यावर वेगळं मोठं लिहावं लागेल म्हणून आत्ता एवढंच, लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, पेनाने मागे काही लिहू नका, पेन्सिलने लिहा. ६०० डीपीआयवर स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा आणि मूळ कागद पॉलिएस्टरच्या पाकिटात. वर्तमानपत्रात काहीच गुंडाळायचं नाही, तो कागद आम्लाचा असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ठेवायचं कुठे. नागपुरात मे महिन्यात दुपारी हवा इतकी कोरडी की चामडं, लाकूड तडकतं, आणि ऑगस्टमध्ये दमटपणा ८० टक्क्यांच्या वर, सगळं फुगतं. हा उतार-चढावच मारतो. पण बाहेरच्या कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही असं आपलं एक कारण आहे ते म्हणजे कुलर. एप्रिल ते जून आपण ज्या खोलीत बसतो तिथे कुलर दिवसरात्र ओल फेकत असतो आणि लोक नेमकं त्याच हॉलच्या भिंतीवर मेडलांची फ्रेम लावतात. बाहेर रखरखीत ऊन असताना घरात मेडल हिरवं पडायचं कारण तेच. कुलरच्या हवेच्या वाटेत आणि त्या खोलीतच काही ठेवू नका. माळाही नको, स्लॅब तापते आणि पावसाळ्यात झिरपते. घरातली आतली खोली, बाहेरची भिंत नसलेली बाजू, लोखंडी कपाट, जमिनीपासून वर. प्लायवूड आणि एमडीएफच्या शोकेसमधून आम्लाची वाफ निघत राहते, शिशाच्या वस्तू त्याने पांढऱ्या पडतात, म्हणून पावडर कोटिंगचं लोखंडी कपाट बरं.

आत दमटपणा मोजणारा एक डिजिटल हायग्रोमीटर ठेवा, काही शे रुपयांत मिळतो. धातू ४० टक्क्यांच्या खाली खूश, कापड, चामडं, कागद ४५ ते ५५ च्या मध्ये, म्हणून दोन्ही वेगळ्या डब्यात. धातूच्या डब्याला घट्ट झाकण आणि सिलिका जेल, नारिंगी दाण्यांचं घ्या, निळ्यात कोबाल्ट असतं. रंग बदलला की जेल तापवून परत वापरता येतं. कापडाला मात्र बंद प्लास्टिक नको, मलमल आणि हवा लागते. मृगाच्या आधी एकदा सगळं उघडून तपासा, वॅक्स उडालं असेल तिथे परत लावा, सिलिका कोरडं करून भरा, आणि दसऱ्याला दुसऱ्यांदा बघा, तेव्हा पावसाळ्याने काय केलं ते कळतं.

आणि ती काळी ट्रंक. तिच्या झाकणावर पांढऱ्या रंगात नाव, नंबर, पलटण लिहिलेली असते, रंगवून नवी करायला देऊ नका. आतला कागद निघत असेल तर निघू द्या पण बाहेरचं जसंच्या तसं. तळाला विटा लावा म्हणजे फरशीची ओल लागणार नाही.

तुकडे पडणारं चामडं, परत परत हिरवं होणारं मेडल, चिकटून गेलेले फोटो हे घरी करायचं काम नाही. लखनौला सरकारची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण प्रयोगशाळा आहे, त्यांना विचारता येतं. वस्तू पाठवायच्या आधी फोटो आणि आतापर्यंत काय काय लावलंय ते पाठवा, पितांबरी लावली असेल तर तेही लिहा, त्यावरच पुढचा उपाय ठरतो.